सव्वा लाखाची रायफल आणि बारकीचा अर्धा मिलिमीटर

कानात हेडफोन, हातात चहा, सगळं तयार ना? ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोललो तसंच लिहिलंय, त्यामुळं व्याकरणाच्या चुका काढू नका.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, मिड-रेंज सेमी-ऑटोमॅटिक रायफल चांगली का फालतू, हे कसं ओळखायचं?" आवाजावरून अकरावी-बारावीचा वाटला. मागं गेमचा आवाजही येत होता. तर मित्रा, आधी एक गोष्ट क्लिअर करू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते. असली रायफल आपल्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसासाठी जवळजवळ बंदच आहे. तो विषय गेममध्येच ठेव.

पण तुझा प्रश्न भारी आहे. मधल्या किमतीची रायफल पैशाला जागते का, हे ओळखायचं कसं? या प्रश्नानं आमच्या घरात दिवाळीत भांडण लावलं होतं. रायफल एअर रायफल होती, एवढाच फरक.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा पोरगा. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी मेडल आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक मेडल मिळालं. त्या दिवशी आमच्या मामाच्या घरी, वाशी तालुक्यात, सगळे मोबाईलला चिकटून बसले होते. मामाची धाकटी मुलगी, जिला सगळे बारकी म्हणतात, ती उठली आणि म्हणाली, "मला पण हेच करायचंय."

शेजारच्या जिल्ह्यात एक छोटा क्लब आहे. शनिवार-रविवार एसटीनं जायचं, क्लबची जुनी रायफल वापरायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. तीन महिन्यांत तिथं एकानं मामाला गाठलं. "पोरगी चांगली आहे, पण क्लबच्या खटाऱ्यावर काय होणार? माझ्याकडं सेकंडहँड जर्मन रायफल आहे. सव्वा लाख."

घरात तीस क्विंटल सोयाबीन पडून होतं आणि भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे हिशोब सोपा होता. अख्खं सोयाबीन जाणार आणि रायफल येणार. मामानं मला फोन केला, "अरे इंजिनिअर, तू रोज कंप्युटरवर बसतोस. बघून सांग, घेऊ का नको."

मी बंदुकीतला तज्ज्ञ नाही. कोड लिहितो. पण कोडमध्ये एक सवय लागते. सिस्टिम स्लो असली की लगेच नवा सर्व्हर घ्यायचा नाही, आधी वेळ कुठं जातोय ते मोजायचं. तेच इथं केलं.

आधी खेळ समजून घेतला. १० मीटर एअर रायफल, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. नऊची रिंग साडेपाच मिलिमीटरची. प्रत्येक शॉटला छर्रा हातानंच भरायचा, मॅगझिन चालत नाही. म्हणजे सेमी-ऑटो फुकट दिली तरी इथं उपयोग शून्य. जाहिरातीत "हजार एफपीएस" लिहिलेलं असतं, तेही इथं बिनकामाचं. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, आणि कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. वेग किती, यापेक्षा प्रत्येक शॉटला तोच वेग येतो का, हे महत्त्वाचं. म्हणून चांगल्या रायफलीत दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो आणि रेग्युलेटर असतो, जो दर वेळी सारखीच हवा सोडतो. स्प्रिंगवाली रायफल स्वस्त पडते, पण आतला पिस्टन सुटला की सगळी रायफल हलते.

मग टेस्ट. क्लबची जुनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, म्हणजे माणसाचा हात जवळजवळ बाजूला. पाच-पाच शॉट्सचे दहा ग्रुप, एकाच डब्यातले छर्रे. प्रत्येक ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं अंतर मोजलं. सरासरी ५ मिलिमीटर. ही रायफलची चूक. नंतर बारकी तीच रायफल घेऊन उभी राहिली. सरासरी २२ मिलिमीटर. यात रायफल आणि बारकी, दोघांची चूक आली.

मग विकणाऱ्याची जर्मन रायफल पिशवीवर. दीड मिलिमीटर! मामाचे डोळे चमकले. माझेही. खोटं कशाला बोलू?

पण थांबा. या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. ढोबळमानानं त्यांच्या वर्गांची बेरीज होते, आणि मग वर्गमूळ. दहावीचं पायथागोरस आठवा. २२ चा वर्ग ४८४. त्यातून ५ चा वर्ग २५ काढला, राहिले ४५९. ही बारकीची स्वतःची चूक. त्यात दीडचा वर्ग, सव्वादोन, मिळवला आणि वर्गमूळ काढलं. उत्तर आलं साडेएकवीसच्या किंचित खाली. म्हणजे सव्वा लाख खर्चून २२ चे साडेएकवीस. अर्धा मिलिमीटर.

रायफल खराब नव्हती. बारकीसाठी, त्या दिवशी, ती महाग होती.

दुसरी गोष्ट तिथंच सापडली. हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते. अशा मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत कंपन्या सहसा दहा वर्षं देतात. मुदत संपली की तो बदलायचा, कारण आत २०० बारच्या आसपास दाब असतो आणि ते गालाजवळ धरून उभं राहायचं असतं. या सिलिंडरची तारीख केव्हाच होऊन गेली होती. विकणारा म्हणाला, "काही होत नाही हो." मी मामाला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मामा, नको."

बारकी माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

जानेवारीत एक स्पर्धा झाली, ४० शॉट्सची. बारकी पुढच्या फेरीतून तीन गुणांनी बाहेर पडली. रात्री फोन आला. पहिला प्रश्न, "दादा, तेव्हा ती रायफल घेतली असती तर?"

मी परत हिशोब केला. अर्ध्या मिलिमीटरचे ४० शॉट्समध्ये होतात मोजकेच गुण. पण सरासरी ही सरासरी असते. एखाद्या दिवशी तीन झालेही असते. मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला पण नक्की माहीत नाही." मी म्हणालो, "नाही." फोनवर बराच वेळ शांतता. मग विचारलं, "बरं, आता काय करू?"

केलं ते असं. क्लबच्या रायफलचा दस्ता तिला आखूड पडत होता, तर लाकडी पट्ट्या लावून तो लांब केला. हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण अंगाला न बसणारी रायफल तुमचीच चूक वाढवते, आणि पिशवीवरच्या टेस्टमध्ये ते दिसत नाही. छर्रे चांगले घेतले, सपाट तोंडाचे, जे कागद स्वच्छ कापतात. घरी रोज अर्धा तास छर्ऱ्याविना नुसतं उभं राहून नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा सराव. सगळे ग्रुप वहीत.

आठ महिन्यांत २२ चे १० झाले. आता तेच गणित करा. शंभरातून पंचवीस गेले, पंचाहत्तर. सव्वादोन मिळवले, वर्गमूळ पावणेनऊच्या जरा वर. म्हणजे त्याच दर्जाची रायफल आता सव्वा मिलिमीटर वाचवते, आणि तेही दहातून. तेव्हा अडीच टक्केही नव्हता, आता बारा टक्के फायदा. मीच मामाला फोन केला, "आता घ्या." या वेळी देशी बनावटीची नवी घेतली, सर्व्हिस जवळ मिळेल अशी, पैसे देण्याआधी पिशवीवर दहा ग्रुप मारून. सोयाबीन अर्धंच गेलं.

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, चार गोष्टी. एक, विकणाऱ्यानं दाखवलेला एकच भारी ग्रुप बघू नको, तो दहातला बेस्ट असतो. स्वतः दहा मार, सरासरी काढ. दोन, रायफल अंगाला बसते का बघ आणि सिलिंडरची तारीख वाच. तीन, कायदा. ०.१७७ पर्यंतची, २० जूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय चालते, त्यावर लायसन्स लागतं. आणि लायसन्स नाही म्हणून ती खेळणं होत नाही. मागं भक्कम आडोसा असल्याशिवाय छर्रा भरायचाच नाही. चार, आधी तुझी चूक मोज, मग रायफलची. तुझी चार पट मोठी असेल तर पैसे एसटीच्या तिकिटात आणि छर्ऱ्यांत घाल.

बारकी आता वहीत माझ्याही चुका लिहिते. पहिल्याच पानावर जानेवारीची तारीख आहे आणि पुढं एवढंच, "दादा, ३ गुण."

ती ओळ मी तिला खोडायला सांगितलेली नाही. भेटू पुढच्या भागात.