नजर गेल्यावरच्या गप्पा



मोतीबिंदू काढला की बहुतेकांना पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला, तर माणूस घरात हिंडतो-फिरतो, पण समोरच्याचा चेहराच त्याला दिसत नाही. सत्तरीत हे वाट्याला आलं की औषधपाणी, काठी, हात धरून नेणं, सगळं होतं. गप्पांचं काय होतं, ते कोणी विचारत नाही.

बारशाला घर भरलेलं असतं. कुणीतरी विचारतं, "काय, कधी आलात?" आजोबा उत्तर देतात. प्रश्न असतो शेजारच्याला. पोरं हसतात. असं दोन-तीनदा झालं की आजोबा तोंड उघडत नाहीत, आणि घरचे म्हणतात, "हल्ली फार एकलकोंडे झालेत हो!" वर कुणी खांद्यावर थाप मारून "ओळखा पाहू मी कोण?" म्हणतं. समोर आजोबा बसलेले असताना सुनेला विचारतात, "यांना चहा बिनसाखरेचा ना?" अहो, त्यांचे डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आणखी एक गोष्ट. नजर गेलेल्या काहींना नसलेली माणसं, फुलं, नक्ष्या दिसू लागतात. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा हा अनुभव नोंदवला. आज वैद्यकात या प्रकाराला बॉने यांचंच नाव आहे. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो. हे वेड नव्हे. पण लोक वेड्यात काढतील म्हणून म्हातारी माणसं ते मनात ठेवतात. सांगायला एक भरवशाचं माणूस असलं, तर निम्मी भीती तिथेच सरते.

अशी माणसं कशी जोडावीत, ते पाहा. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस १९५५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, आणि त्याच सुमारास त्यांना वाचता येईनासं झालं. तेव्हा त्यांनी काही विद्यार्थिनींना जमवून जुनी इंग्रजी शिकायला घेतली. ती त्यांनाही नवी, मुलींनाही नवी; त्यामुळे तिथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. मला यातलं मर्म हेच वाटतं. पुढे पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या आल्बेर्तो मांग्वेल या पोरसवदा मुलाला त्यांनी विचारलं, संध्याकाळी वाचून दाखवायला येशील का? मुलगा वाचायचा, बोर्हेस मध्येच थांबवून शेरे मारायचे. तोच मुलगा २०१६ मध्ये त्या ग्रंथालयाचा संचालक झाला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या माणसाला वाचक मिळणारच. कबूल. म्हणून आमच्या गल्लीतले गणिताचे मास्तर सांगतो. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. शेजारचा दहावीतला मुलगा रोज संध्याकाळी भूमितीचं पुस्तक घेऊन येतो. आकृती मास्तरांना दिसत नाही, म्हणून त्याला ती शब्दांत सांगावी लागते: कोन बी काटकोन, बीडी लंब एसीवर. "लंबाचा पाया कुठे पडला? नीट सांग!" मास्तर खेकसतात. सांगता सांगताच निम्म्या वेळा पोराला उदाहरण सुटतं. मग दोघे क्रिकेटवरून भांडतात. मास्तरांचा मोबाइल हल्ली सगळं वाचून दाखवतो, बातम्यासुद्धा. पण भांडायला त्यांना हा मुलगाच लागतो.

तेव्हा माझी एवढीच विनंती. नजर गेलेल्या माणसाच्या घरी गेलात की आत शिरताच आपलं नाव सांगा. उठताना "निघतो" म्हणा, नाहीतर ते माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतं. आणि त्यांच्याकडे जाताना आपलं अडलेलं काहीतरी बरोबर न्या: जमिनीचा कागद, मुलाचं गणित, फसलेली पुरणपोळी. त्यांचा सल्ला मागा, आणि पटला नाही तर तसं तोंडावर सांगा.