पाळीची वेळ आणि शाळेची घंटा
(इचलकरंजी येथील व्याख्यानाचा सारांश)



1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि श्रीमंत नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने तो उद्योग येथे रुजला. तेव्हापासून या नगरीचा दिवस पाळीने मोजला जातो. शिक्षणाचे नियोजन करणारे मात्र तो शाळेच्या घंटेने मोजतात. या दोन वेळांच्या मध्ये अडकते ती कामगाराची मुलगी.

वडील मागावर, आई कांडी भरायला. अंगणवाडी दुपारीच सुटते. पाळी संध्याकाळपर्यंत चालते. मधले तास धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी? अर्थात थोरलीने! तिचे नाव पटावर असते, म्हणून सरकारी अहवालात ती 'शिकत' असते.

आकडे खोटे आहेत असे नव्हे. 1951 साली देशातील स्त्री-साक्षरता अवघी 8.86 टक्के होती. 2011 मध्ये ती 64.6 टक्क्यांवर पोहोचली. ही कमाई लहान नाही. परंतु सरासरी ही मोठी फसवी असते. 2004 पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये सुरू झाली, तेव्हा ग्रामीण स्त्री-साक्षरतेत मागे असलेले गट प्रामुख्याने निवडले गेले. ते योग्यच होते. पण पुढारलेल्या जिल्ह्यातील कामगार वस्ती अशा चाळणीतून अलगद खाली पडते, त्याचे काय?

2010 पासून अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता आहे. आठवीनंतर, म्हणजे नेमक्या नाजूक वयात, त्याचा हात सुटतो. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्तुत्यच, पण नववीत शाळा सुटलेल्या मुलीपर्यंत तो पोहोचणार कसा? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलींसाठी लिंगसमावेशन निधीची कल्पना आहे आणि स्थानिक उपक्रमांनाही त्यातून साहाय्य अभिप्रेत आहे. इचलकरंजीला सायकलीपेक्षा शाळेजवळचे, पाळी सुटेपर्यंत चालणारे पाळणाघर अधिक हवे आहे. दिल्लीत हे सुचणार नाही. येथूनच सांगावे लागेल.

समतेचा शब्द निघाला की तो परकीय म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांनी करवीरचा इतिहास पाहावा. राजर्षी शाहूंच्या काळात मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे होती आणि त्यांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाली. नियोजनाच्या जागी स्त्री बसली की काय घडते, ते या मातीने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

आजही कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. पण सभा भरदुपारी ठेवली, तर कांडीवरची आई येणार कशी? सही तेवढी घरी जाऊन आणली जाईल! येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील शाळांत ही सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेण्याचा आग्रह धरावा आणि सातवी ते दहावीच्या मुलींची महिनावार हजेरी त्या सभेत वाचून दाखवायला लावावी.