बिल चुकले, ग्राहकाने चुकू नये

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी 24 डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. 1986 साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण कायदा आधी आला आणि चळवळ नंतर, असे झाले नाही. त्याच्या बारा वर्षे आधी, 1974 साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली होती. त्याही फार मागे गेलो तर कौटिल्याने अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ या अधिकरणात खोटी वजनेमापे वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड सांगितलेला दिसतो. ग्राहकाचे रक्षण हा राजधर्माचाच भाग आहे, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आज तागडी दिसेनाशी झाली आहे. वाण्याच्या दुकानात काटा निदान डोळ्यांसमोर असे. मोबाईलच्या बिलात काटाही कंपनीचा, मापही कंपनीचे आणि हिशेबही कंपनीचाच. 31 जुलै 1995 रोजी देशातला पहिला मोबाईल संवाद झाला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2003 पासून येणारे कॉल विनामूल्य झाले, दर कोसळले आणि फोन घराघरांत पोहोचला. दर उतरले तसे आपले लक्षही उतरले. चारशे-पाचशे रुपयांचे बिल कोण तपासणार? बँकेला किंवा क्रेडिट कार्डाला एकदा सूचना देऊन ठेवली की दरमहा पैसे आपोआप जातात. वादाचे मूळ बहुधा या निष्काळजीपणातच असते.

अहमदाबादचा एक ग्राहक

अहमदाबादच्या एका ग्राहकाची कथा यासाठी सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच्याकडे एका खासगी कंपनीची पोस्टपेड जोडणी होती. महिन्याचे बिल सरासरी 555 रुपयांच्या घरात येई. 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका महिन्याचे बिल मात्र आले 24,609 रुपये 51 पैशांचे! 2014 साली त्याने जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली आणि व्याजासह 22 हजार रुपयांची भरपाई मागितली.

प्रश्न साधा होता : बिल बरोबर की चूक? परंतु त्याचे उत्तर बाजूला राहिले. ग्राहक मंचाला हा विषय ऐकण्याचा अधिकारच नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. तिच्या हाती आधारही होता. 1885 च्या भारतीय तार अधिनियमातील कलम 7-ब प्रमाणे असे वाद लवादाकडे न्यावे लागतात आणि म्हणून ग्राहक मंचाचा मार्ग बंद आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली एका टेलिफोन बिलाच्या प्रकरणात दिला होता. त्या निर्णयामुळे देशभरातील दूरध्वनी ग्राहकांच्या वाटेत एक भिंत उभी राहिली होती.

हा ग्राहक मागे हटला नाही. अधिकारक्षेत्राचा हा वाद पायरी-पायरीने वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 16 फेब्रुवारी 2022 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निःसंदिग्ध निर्णय दिला : ग्राहक कायद्यातील दाद ही इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीला दिलेली आहे; तार अधिनियमातील लवादाची तरतूद तिला बाद करू शकत नाही. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचार पहिल्यापासूनच अंतर्भूत आहे. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यात तर त्याचा नामोल्लेखच आहे.

मंचाचे दार उघडे आहे एवढे ठरायलाच सात वर्षांहून अधिक काळ गेला. ही दिरंगाई व्यवस्थेला भूषणावह नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण 22 हजार रुपयांसाठी उभ्या राहिलेल्या एका सामान्य माणसाने कोट्यवधी ग्राहकांसाठी ती भिंत पाडली, हेही तितकेच खरे.

तक्रारीची शिस्त

मग आपल्या घरी असे बिल आले तर काय करावे? प्रथम तपशीलवार बिल मागवावे आणि कोणत्या दिवशी, कोणत्या सेवेसाठी, किती आकारणी झाली हे पाहावे. परदेशात गेलेल्या मुलाचा फोन रोमिंगवर राहिला होता का, नकळत एखादी सशुल्क सेवा सुरू झाली का, हे त्यातून कळते. अशा मूल्यवर्धित सेवेसाठी ग्राहकाची दुसऱ्यांदा, स्वतंत्र संमती घेतलीच पाहिजे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा म्हणजे ‘ट्राय’चा 2013 चा आदेश आहे. तेव्हा ‘संमतीचा पुरावा दाखवा’ एवढे विचारले तरी पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

न मिटल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. क्रमांकाशिवायची तक्रार म्हणजे पावतीशिवायचा व्यवहार! 2012 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला दुसरी पायरी म्हणून अपील प्राधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर तीस दिवसांच्या आत तेथे अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत व्हावा लागतो. अपिलावर मत देणाऱ्या सल्लागार समितीत कंपनीच्या प्रतिनिधीबरोबर ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी असतो. अनेकजण थेट ‘ट्राय’ला पत्र लिहितात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. ‘ट्राय’ नियम करते. एकेका ग्राहकाची तक्रार ती सोडवत नाही.

एवढ्यानेही न्याय मिळाला नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क नाही. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय असेल त्या शहरात हेलपाटे घालण्याचे कारण नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती उलटू देऊ नये.

सोडून जाताना

वाद झाला की माणसाचा पहिला विचार असतो, ‘ही कंपनीच नको!’ 20 जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. क्रमांकासाठी ग्राहकाने ओलीस राहण्याचे दिवस संपले. ‘PORT’ हा शब्द आणि आपला क्रमांक लघुसंदेशाने 1900 वर पाठवायचा; सांकेतिक क्रमांक येतो आणि तो बहुतेक भागांत चार दिवस चालतो. एकाच परिमंडळात तीन आणि अन्यत्र पाच कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. जुन्या कंपनीकडे किमान 90 दिवस झालेले असले पाहिजेत.

पण येथेच एक मेख आहे. पोस्टपेड ग्राहकाचे मुदत उलटलेले बिल थकलेले असेल तर हा सांकेतिक क्रमांक मिळत नाही. करारात मुदतीपूर्वी बाहेर पडण्याची अट घातलेली असेल आणि ती पाळली नसेल, तरीही विनंती नाकारली जाऊ शकते. म्हणजे ज्या बिलावर वाद आहे तेच बिल पायातली बेडी बनते. रागाच्या भरात बिल न भरता सिमकार्ड काढून ठेवणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. थकबाकी वाढते आणि वसुलीचे फोन घरच्यांना छळतात. त्यापेक्षा वादग्रस्त रक्कम ‘निषेध नोंदवून’ भरावी, तसे लेखी कळवावे, कंपनी बदलावी आणि परताव्यासाठी तक्रार पुढे चालू ठेवावी. पैसे भरले म्हणजे बिल मान्य केले असे होऊ नये, यासाठीच ते लेखी पत्र.

फोनसंच हप्त्यांवर घेतला असेल तर ते कर्ज बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे असते. मोबाईल कंपनी सोडली म्हणून ते संपत नाही. आणि करार मोडल्याबद्दल झालेल्या नुकसानीशी प्रमाणच नसलेला दंड मागितला, तर 2019 च्या कायद्यात ‘अनुचित करार’ या नावाने त्यावर उपाय आहे. अशी तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते.

शेवटी एकच सांगणे. ‘जाऊ द्या, दोनशे रुपयांसाठी कोण भांडणार?’ हे वाक्य आपल्या घरांत औदार्य म्हणून उच्चारले जाते. वस्तुतः ते औदार्य नसते, आळस असतो. आणि त्याची किंमत आपल्याइतकी सवड व शिक्षण नसलेला शेजारी मोजतो. चूक बिल मुकाट्याने भरणारा प्रत्येक ग्राहक पुढच्या चुकीला परवाना देतो. म्हणून प्रत्येक घराने महिन्याची दहा मिनिटे बिलासाठी राखून ठेवावीत, आणि वस्तीतल्या एखाद्या आजोबांचे किंवा मावशींचे बिलही त्याच बैठकीत वाचून द्यावे. कायद्याने दार उघडून दिले आहे. आत पाऊल टाकण्याचे काम समाजाचे आहे.