गिऱ्हाईक आणि कायदा

(जगतपुरा, जयपूर येथे मराठी वाचकांच्या सभेत अनुवादकाने दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजचा विषय आपल्या घरांत सहसा उच्चारला जात नाही. आणि उच्चारला गेलाच, तर त्याविषयीचे मत आधीच ठरलेले असते. म्हणून आरंभीच प्रश्नाची मर्यादा स्पष्ट करतो. देहविक्रय नैतिक की अनैतिक, हा आजचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच आहे : पैसे देऊन शरीरसंबंध विकत घेणाऱ्या पुरुषाला कायद्याने गुन्हेगार ठरवावे काय? गेली पंचवीस वर्षे जगातील अनेक संसदांतून आणि न्यायालयांतून या प्रश्नावर वाद चालू आहे. आपल्या देशातही तो एकदा संसदेच्या दारापर्यंत जाऊन परतला आहे.

मी कायदेपंडित नाही. भाषेचा अभ्यासक आहे. परकीय लेखन मराठीत आणताना या विषयावरील मजकूर समोर आला की एक अडचण हटकून येते. विकणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : वेश्या, गणिका, कसबीण, नायकीण. यांतील प्रत्येक शब्द त्या स्त्रीची जन्मभराची ओळख होऊन बसतो. विकत घेणाऱ्या पुरुषासाठी मात्र स्वतंत्र नाम नाही. त्याला आपण 'गिऱ्हाईक' म्हणतो, म्हणजे जो शब्द वाण्याच्या दुकानातील माणसासाठी वापरतो, तोच. फार तर 'बाहेरख्याली' म्हणतो. पण तो झाला स्वभावाचा दोष. त्याच्या कृतीला 'वेश्यागमन' म्हणतात, जणू तो कोठे तरी केवळ जाऊन आला. त्याने काही विकत घेतले, ही गोष्ट त्या शब्दात उरतच नाही. भाषेत जे घडले तेच आपल्या कायद्यातही घडले आहे, आणि त्याचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायांत गुप्तरोग पसरत होते. उपाय असा योजला की, वेश्यांची नोंदणी करावी, त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करावी आणि रोग आढळल्यास त्यांना रुग्णालयात डांबून ठेवावे. मुंबई शहरातही हा कायदा लागू झाला होता. ज्याच्या आरोग्यासाठी एवढा खटाटोप, त्या पुरुषाची तपासणी मात्र या कायद्यात नव्हती. इंग्लंडमध्ये अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर या बाईंनी प्रदीर्घ चळवळ केली. तेथील कायदे १८८६ मध्ये आणि येथील १८८८ मध्ये रद्द झाले. व्यवहार दोघांचा असताना शिक्षा एकीलाच का, हा प्रश्न त्या चळवळीने जगापुढे मांडला. गिऱ्हाइकाला जाब विचारणाऱ्या आजच्या विचाराचे मूळ तेथे आहे.

पुढे १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा आला. स्वातंत्र्यानंतर, मे १९५० मध्ये, भारताने मानवी व्यापारविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर न्यूयॉर्क येथे सही केली, आणि त्याला अनुसरून १९५६ चा केंद्रीय अधिनियम संमत झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' हे आजचे नाव मिळाले; वर्तमानपत्रांतून आपण त्याला 'पिटा' म्हणून ओळखतो. या अधिनियमाने देहविक्रय हा स्वतः गुन्हा ठरवलेला नाही. कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, स्त्रीला या व्यवसायात ओढणे हे गुन्हे आहेत. परंतु कलम ८ प्रमाणे सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर किमान सात दिवस, पण अधिकात अधिक तीनच महिने. कलम ४ प्रमाणे देहविक्रयाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र ठरते. आईच्या कमाईवर शिकणारा वीस वर्षांचा मुलगाही या शब्दांच्या कक्षेत येऊ शकतो.

गिऱ्हाईक या कायद्यातून सर्वस्वी सुटलेले नाही. कलम ७ प्रमाणे, देवळापासून, शाळेपासून, रुग्णालयापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवहार झाला, तर स्त्रीला आणि तिच्यासोबतच्या पुरुषाला, दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे येथे कायद्याला आक्षेप आहे तो व्यवहार कोठे झाला याला.

या पार्श्वभूमीवर स्वीडनने एक वेगळी वाट धरली. १ जानेवारी १९९९ पासून तेथे शरीरसंबंध विकत घेणे हा गुन्हा झाला. विकणे हा गुन्हा राहिला नाही. पुढे नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, आयर्लंड यांनी कमीअधिक फरकाने हेच सूत्र स्वीकारले. फ्रान्सने एप्रिल २०१६ मध्ये कायदा करून गिऱ्हाइकाला पंधराशे युरोपर्यंत दंड ठेवला, आणि हा व्यवसाय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी साहाय्याची तरतूदही त्याच कायद्यात केली. त्याविरुद्ध देहविक्रय करणारी अडीचशेहून अधिक माणसे युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने फ्रान्सच्या बाजूने निर्णय दिला.

या पक्षाचा युक्तिवाद दुबळा नाही. मागणी आहे म्हणून पुरवठा आहे. मुलींची खरेदी-विक्री करणाऱ्या दलालाचा पैसा अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून येतो. समोरची मुलगी स्वेच्छेने आली आहे की विकून आणली गेली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि कळून घेण्याची इच्छा तर त्याहूनही क्वचित असते. भूक आणि जात यांनी जेथे वाट आखून दिलेली असते, तेथे 'संमती' हा शब्द जपूनच उच्चारला पाहिजे. महाराष्ट्राला हे कोणी शिकवायला नको. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत भाषण करून कामाठीपुऱ्यातील ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते. एका संपूर्ण समाजाच्या स्वाभिमानाचा प्रश्न त्यांनी त्याच्याशी जोडला होता.

दुसरा पक्षही आपल्याच भूमीतून उभा राहिला आहे. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून एड्स-प्रतिबंधाचे काम करीत आली. त्यातून १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली, आणि तिने आपले नाव ठेवले 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. ज्या शब्दाने त्यांना हिणवले जाते, तोच त्यांनी संघटनेच्या नावात घेतला. गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवण्यास या स्त्रियांचा विरोध आहे. गिऱ्हाईक धास्तावले की ते अधिक आडबाजूला, अधिक काळोखात बोलावते. घासाघीस करायला, माणूस पारखायला, निरोधाचा आग्रह धरायला स्त्रीला उसंत मिळत नाही. आणि चांगले गिऱ्हाईक टळते, दांडगे तेवढे येत राहते, हे या पक्षाचे म्हणणे आहे. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांमधील हा व्यवहार गुन्हेगारी कायद्यातून काढला, तो याच विचाराने. तेथील संसदेत तो कायदा केवळ एका मताच्या आधिक्याने संमत झाला, यावरून मते किती अटीतटीने विभागली होती हे दिसते. मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तीकडे जाणारा पुरुष तेथेही गुन्हेगारच आहे.

आपल्या संसदेत हा प्रश्न २००६ साली आला. त्या वर्षीच्या दुरुस्ती विधेयकात दोन गोष्टी एकत्र होत्या. स्त्रीला शिक्षा करणारे कलम ८ काढून टाकायचे, आणि '५ क' हे नवे कलम घालून, मानवी व्यापाराला बळी पडलेल्या व्यक्तीच्या शोषणासाठी कुंटणखान्यात येणाऱ्याला कैद किंवा दंड करायचा. पण व्यापाराची बळी कोण, हे ठरवायचे कोणी? छाप्याच्या रात्री हवालदाराने? विधेयकातील व्याख्या इतकी रुंद होती की, कुंटणखान्यात सापडलेले कोणतेही गिऱ्हाईक तीत बसवता आले असते. संसदीय स्थायी समितीपुढे चर्चा झाली, संघटनांनी विरोध केला, आणि २००९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयकही मावळले. त्याबरोबर कलम ८ काढून टाकण्याची तरतूदही बुडाली. हे नुकसान आपण विसरलो आहोत.

छाप्याचा उल्लेख आला म्हणून फेब्रुवारी १९९६ ची मुंबईतील घटना सांगतो. पोलिसांनी एका मोठ्या मोहिमेत चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया कुंटणखान्यांतून बाहेर काढल्या. त्यांत नेपाळमधील मुली फार होत्या. त्यांना शासकीय सुधारगृहांत ठेवण्यात आले. आणि मग त्यांना कोठे पाठवायचे, त्यांना परत कोण घेणार, यावर महिनोन् महिने खल चालला. मुलींची सुटका आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु सुटकेनंतर कुलपाआड राहिल्या त्या मुलीच. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशाच रीतीने सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुण स्त्रियांची मुक्तता केली, तेव्हा स्पष्ट म्हटले की, हा अधिनियम देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला शिक्षा करण्यासाठी नाही, आणि प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही.

आज कायदा कोठे उभा आहे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १४४ प्रमाणे, विकून आणलेल्या बालकाचे, हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून, लैंगिक शोषण करणाऱ्यास पाच ते दहा वर्षे, आणि प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तीन ते सात वर्षे सश्रम कारावास आहे. जुन्या दंडसंहितेत ही तरतूद २०१३ मध्येच आली होती. सर्वसाधारण गिऱ्हाइकाविषयी मात्र न्यायालयांत एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने गिऱ्हाइकांवरील खटले अनेक प्रकरणांत रद्द केले. उलट केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, कुंटणखान्यात सापडलेल्या गिऱ्हाइकावर कलम ५ खाली खटला चालू शकतो, असा निर्णय दिला. स्त्री ही बाजारातील वस्तू नव्हे, म्हणून तिच्याकडे येणाऱ्याला नुसता 'ग्राहक' म्हणता येत नाही, असा त्यामागील विचार आहे. भाषेच्या अभ्यासकाला हा विचार मोलाचा वाटतो.

माझे मत आता सांगतो. गिऱ्हाईक निर्दोष आहे, असे मला वाटत नाही. अल्पवयीन किंवा विकून आणलेल्या मुलीकडे जाणाऱ्याला कठोर शिक्षा व्हावी. तिच्यासाठी कायदा आज उपलब्ध आहे आणि तो छाप्यानंतर प्रत्यक्ष वापरला जावा. परंतु प्रत्येक गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवण्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. गुन्हा म्हटला की जागा आली, साक्ष आली, पुरावा आला. या गुन्ह्याची जागा त्या स्त्रीची खोली आहे, साक्षीदार ती स्वतः आहे, आणि पुरावा तिच्या उशाशी आहे. पुरुष दंड भरील, वकील देईल, गाव बदलील. खोलीला टाळे लागेल ते तिच्या.

स्वीडनचा दाखला देताना आपण त्याचा अर्धाच भाग उचलतो. तेथे स्त्रीवरील शिक्षा नाही आणि तिच्यामागे समाजकल्याणाची यंत्रणा उभी आहे. आपल्याकडे कलम ८ तसेच ठेवून गिऱ्हाइकाविरुद्ध नवे कलम घातले, तर ती स्वीडनची नक्कल होणार नाही. आपलाच जुना कायदा दुप्पट होईल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्त्रीवरील शिक्षा काढावी. तिच्या प्रौढ मुलांना गुन्हेगार ठरवू शकणारे शब्द बदलावेत. व्यवसाय सोडू पाहणारीला कुलूप नसलेले घर आणि पोटापुरते काम द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या स्त्रियांनाही प्रतिष्ठेने जगण्याचा घटनादत्त अधिकार असल्याचे पोलिसांना बजावले आहे. तो आदेश ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचवावा. एवढे झाल्यावर गिऱ्हाइकाविरुद्धच्या कायद्याची चर्चा प्रामाणिकपणे करता येईल, आणि त्या चर्चेत सांगलीच्या स्त्रियांना साक्षीदार म्हणून नव्हे, तर सभासद म्हणून बसवावे लागेल.

जगतपुऱ्यासारख्या नव्या वसाहतीत कामाठीपुरा नसतो, म्हणून हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असे आपण समजू नये. विशिष्ट वस्तीला बांधलेला हा व्यवहार आता दूरध्वनीवरून चालतो, आणि त्याचे गिऱ्हाईक कोणत्याही सोसायटीच्या जिन्यावरून उतरते. दोनशे मीटरचा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक बदनाम गल्ली होती. आता तशी गल्ली नाही. आपण सगळे त्या दोनशे मीटरांत राहतो. कायदा कसाही ठरो, त्या पुरुषाचा विचार त्या गल्लीतला कोणी परका म्हणून नव्हे, तर आपल्यातलाच एक म्हणून करावा लागेल.