जात्यांची साक्ष

(शाळेंतील पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांत एका पालकांनीं आम्हांस वाटेंत गांठून विचारलें, "गुरुजी, पोरगी घरीं प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' म्हणते. हें शाळेंत शिकवतां काय? आणि विलायतेच्या राजांचा इतिहास शिकून आमच्या शेतांत काय पिकणार?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर चारचौघांत द्यावें म्हणून आज आम्ही उभे आहों.

सनावळ्या पाठ करणें म्हणजे इतिहास नव्हे. इतिहास म्हणजे साक्षी तपासणें. चावडीवर तंटा आला तर शहाणा पंच काय पाहतो? साक्षीदार कोण, तो तेथें हजर होता काय, त्याचें हित कोणत्या बाजूला, आणि त्यानें काय सांगण्याचें टाळलें. वर्गांत आम्ही मुलांकडून हेंच करवून घेतों. एक उदाहरण सांगतों.

इंग्लंडांत १३४८-४९ सालीं प्लेगची मोठी साथ आली. निदान तिसरा हिस्सा माणूस मेला. शेतावर मजूर मिळेना, तेव्हां वांचलेले मजूर जास्त मजुरी मागूं लागले. १३५१ सालीं सरकारनें कायदा केला कीं, साथीपूर्वींची मजुरी होती तीच घ्यावी. आम्ही मुलांना विचारलें, मजुरांना तर लिहितां येत नव्हतें, मग त्यांची मागणी आपल्याला कळली कशी? एका मुलानें सांगितलें, "कायद्यावरूनच! कोणी जास्त मागत नसतें तर मनाई कशाला केली असती?" पाहा, धन्याच्या कागदांतूनहि मजुराचा आवाज ऐकूं येतो, मात्र कान तयार हवा.

पुढें १३८० सालीं लढाईच्या खर्चासाठीं पंधरा वर्षांवरील माणसांवर दरडोई १२ पेन्सांच्या हिशोबानें पट्टी बसली. १३८१ च्या मे-जूनमध्यें एसेक्स व केंट परगण्यांतले शेतकरी-कारागीर उठले आणि लंडनांत शिरले. राजा दुसरा रिचर्ड तेव्हां अवघा १४ वर्षांचा. त्यानें कुळांना वेठीच्या बंधनांतून मोकळें केल्याचीं पत्रें दिलीं. पण त्यांचा पुढारी वॅट टायलर मारला गेला, बंड मोडलें, आणि जुलैंत तीं पत्रें रद्द झालीं.

ही हकीकत लिहिली कोणीं? शेतकऱ्यांनीं नव्हे. टॉमस वॉल्सिंगहॅम हा एक मोठा बखरकार. तो सेंट ऑल्बन्स येथील मठाचा साधु. आणि मठ म्हणजे त्या गांवाचा जमीनदार! बंडवाल्यांना तो शिव्याशाप देतो. मग याची साक्ष फेंकून द्यावी काय? बरींच मुलें म्हणालीं, "द्यावी." तेव्हां आम्ही त्यानेंच नोंदलेली एक गोष्ट सांगितली.

गांवकऱ्यांनीं धान्य मठाच्या गिरणींतच दळावें आणि दळणावळ भरावी, असा मठाचा हट्ट. लोकांनीं आपलीं जातीं घरांत ठेवलीं. १३३० च्या सुमारास महंत रिचर्ड वॉलिंगफर्ड यानें तीं जातीं घेतलीं आणि त्यांचे दगड मठाच्या दिवाणखान्यांत फरशी म्हणून बसविले. पन्नास वर्षें लोटलीं. १३८१ च्या जूनमध्यें गांवकरी मठांत शिरले. त्यांनीं ते दगड उपटले, फोडले, आणि देवळांत प्रसाद वांटावा तसे तुकडे आपसांत वांटून घेतले.

वर्गांतली एक मुलगी म्हणाली, "मठांत इतका ऐवज असतां दगडाचे तुकडे कशाला?" दुसरी हळूच म्हणाली, "त्यांच्या आजीचीं जातीं होतीं तीं." आम्ही विचारलें, "असें कोठें लिहिलें आहे?" ती म्हणाली, "लिहिलेलें नाहीं. हा माझा तर्क. पण पन्नास वर्षें घराघरांत बोलणें झालेंच असेल." शाबास! लिहिलेलें काय आणि आपला तर्क कोणता, हें जिला वेगळें सांगतां आलें, तिला इतिहास आला. आणि ज्या साधूनें लोकांना शिव्या दिल्या, त्याच्याच लेखणींतून त्यांचें दुःख बाहेर पडलें. म्हणून वैऱ्याचीहि साक्ष टाकूं नये, तपासून घ्यावी.

हाच नियम आपल्या बाजूलाहि लागू आहे. लंडनांत त्याच बंडवाल्यांनीं फ्लँडर्सहून आलेल्या परक्या माणसांना ठार मारलें. आमचीं मुलें दलालासारखीं तें झांकूं लागलीं, तेव्हां आम्ही त्यांना थांबविलें. गरिबाचा कैवार घ्यावा, पण त्याचा गुन्हा लपवून नव्हे.

इंग्लंडांतल्या शेतकऱ्यांनीं जमीनदारांचीं दप्तरें जाळलीं, तसे आपल्या पुणें जिल्ह्यांत सुपें येथें १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. मुलें म्हणालीं, "दोन्हीं एकच!" आम्ही म्हणालों, घाई नको. तेथें वेठ आणि पट्टी, येथें कर्ज आणि व्याज. सारखें काय, निराळें काय, दोन रकाने करून लिहा. एक गोष्ट मात्र दोन्हीं ठिकाणीं दिसते: अक्षरशत्रु माणसालाहि कागदाचें बळ पक्कें ठाऊक होतें.

मायबापहो, म्हणून लेंकरानें "कशावरून?" म्हटलें तर रागावूं नका. जो हा प्रश्न विचारीत नाहीं, तो वाटेल त्या कागदावर अंगठा उठवतो, आणि आतां तर मोबाईलवर आलेल्या वाटेल त्या बातमीवरून शेजाऱ्याचें डोकें फोडायला निघतो. जो विचारतो, तो सातबाऱ्याची ओळ न् ओळ वाचून मग सही करतो. शेतांत काय पिकणार म्हणून विचारलेंत ना? हें पिकणार.

जातां जातां एक काम सांगतों. पुष्कळांच्या घरीं जातें आतां कोपऱ्यांत पडलें आहे. आज रात्रीं लेंकराला आजीजवळ बसवा. गांवांत पहिली गिरणी केव्हां आली, दळणाला काय पडे, जातें केव्हां थांबलें, हें तिच्या तोंडून वहींत लिहवून घ्या. खालीं सांगणारीचें नांव आणि तारीख घाला. सेंट ऑल्बन्सच्या बायांचें बोलणें कोणीं लिहून ठेवलें नाहीं. आपल्या आजीचें तरी राहूं द्या.