मोटारीचा खोकला

मराठीत मोटारसायकलीला एके काळी ‘फटफटी’ म्हणत असत. हा शब्द कोणा भाषापंडिताने घडवलेला नव्हे. रस्त्याच्या कडेला उभे राहून ज्यांनी ते यंत्र जाताना ऐकले, त्यांच्या कानांनीच तो घडवला. पुढे यंत्रे सुधारली, त्यांचा आवाज उतरला आणि हा शब्दही हळूहळू मागे पडला. यंत्र सुधारल्याची याहून चांगली साक्ष भाषेने ती कोणती द्यावी? परंतु गेल्या हिवाळ्यात त्या विसरलेल्या शब्दाची मला भर मध्यरात्री आठवण झाली.

एका वृद्ध आप्तांच्या उपचारांसाठी मला लखनौला जावे लागले. लखनौ हे मराठी माणसाला अगदीच परके गाव नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तेथे संगीताचे महाविद्यालय उघडले, आणि आज तेथील विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते. कानाची मशागत करणाऱ्या या शहराच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर, संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय आहे, आणि त्याच्या शेजारीच वृंदावन योजना ही वसाहत आहे. उत्तर प्रदेशाच्या आवास विकास परिषदेने ती सेक्टर पाडून वसवली. रस्ते रुंद आणि सरळ. मोकळी जागा एवढी, की फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण सामग्रीचे राष्ट्रीय प्रदर्शन तेथेच भरले होते. दूरदूरहून आलेल्या रुग्णांचे नातलग या भागात खोली घेऊन राहतात. आम्हीही तसेच राहिलो.

तीन रात्रींच्या जागरणानंतर आमच्या रुग्णाचा डोळा नुकता लागला होता. एकाएकी बाहेर धडाधड तीन-चार आवाज झाले. ते दचकून उठून बसले. “गोळीबार झाला काय?” एवढेच ते बोलू शकले. घरमालक जिन्यावरून म्हणाले, “घाबरू नका, गाडी आहे.” मी गच्चीवर जाऊन पाहिले. एक मोटार दूरच्या चौकातून वळून परत येत होती. चालकाने वेग आवरला, की तिच्या मागच्या नळीतून निळसर-तांबडी ज्वाला बाहेर पडे आणि पाठोपाठ बार उडे. आमच्या रुग्णाला त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही.

आता हा प्रकार आहे तरी काय? इंजिनात पेट्रोल जळावयाचे ते सिलिंडरात, बंद दाराआड. तेथे ठिणगी पडते, मिश्रण पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि जळून उरलेला वायू झडपेतून नळीत जातो. नळीपुढचा सायलेन्सर त्या वायूचा आवेग मोडून त्याला निमूटपणे बाहेर सोडतो. ठिणगी चुकली किंवा पेट्रोल अधिक झाले, तर न जळलेला अंश तापलेल्या नळीत शिरतो, तेथे हवेशी मिसळून पेटतो आणि बार होतो. जुन्या गाड्या असे करू लागल्या, की मालक मिस्त्रीकडे धाव घेई. कारण तो आवाज म्हणजे आजारी इंजिनाचा खोकला होता.

आजच्या निरोगी गाडीत चालकाने धावत्या गाडीच्या पेडलवरून पाय उचलला, की इंजिनाचा संगणक पेट्रोलच बंद करतो. हौशी मंडळी पैसे मोजून त्या संगणकाची आज्ञावली बदलून घेतात. मग पाय उचलल्यावरही पेट्रोल येत राहते, ठिणगी मुद्दाम उशिरा पडते, आणि जे सिलिंडरात जळायचे ते नळीत जळते. शर्यतीच्या मोटारींत याला काही अर्थ असतो. पाय उचलल्यावरही टर्बोचे चाक फिरते राहावे, म्हणून ती योजना असते. परंतु वस्तीच्या रस्त्यावर तिचा उपयोग शून्य. म्हणजे धडधाकट माणसाने पदरमोड करून खोकला विकत घ्यावा, असाच हा व्यवहार झाला.

आणि त्याची किंमत मालक एकटा देत नाही. धूर शुद्ध करणारे एक पात्र नळीच्या वाटेवर बसवलेले असते. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे धातू विषारी वायूंचे रूप पालटतात. नळीतल्या आगीने ते पात्र वितळू शकते. पुष्कळदा तर आवाज मोठा यावा म्हणून ते आधीच काढून टाकतात. मग कार्बन मोनॉक्साइड आणि कच्चे पेट्रोल थेट आपल्या श्वासात येते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडणाऱ्या चालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर जुलै २०२१ मध्ये, कोणी अर्ज न करताच, बदललेल्या सायलेन्सरांच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली आणि वृद्ध, दुर्बल व मुले यांना होणाऱ्या त्रासाकडे लक्ष वेधले. आपल्या महाराष्ट्रातही पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. पण रोडरोलर लोखंड सपाट करतो; हौस सपाट करीत नाही.

त्या हौसेचा मी शत्रू नाही. यंत्रावर प्रेम करणारा तरुण मला आवडतो. रात्र रात्र इंजिन उघडून बसणाऱ्या मुलांतूनच उद्याचे अभियंते निघतात. त्यांच्यासाठी शर्यतीची मैदाने वाढावीत, असेच मी म्हणेन. मात्र त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की इंजिन गप्प करण्यासाठी कित्येक पिढ्यांच्या कारागिरांनी बुद्धी खर्च केली आहे. खरा कसबी तो, ज्याच्या हाताखालून गेलेली गाडी दारावरून निघून गेली तरी आतल्या माणसाची झोप मोडत नाही.

शांतता ही विहिरीच्या पाण्यासारखी साऱ्या गावाची असते. एकाने ती गढूळ केली, तर तहान सर्वांचीच अडते. ज्या मोटारीने आमच्या रुग्णाची झोप नेली, तिच्या चालकाला बहुधा ठाऊकही नसेल, की त्या खिडकीआड कोणी आजारी माणूस होता. हे भाषण त्याच्या कानी गेले, तर माझे एवढेच मागणे आहे: रात्री अंधारलेली खिडकी दिसली, तर तिच्याआड कोणी महत्प्रयासाने झोपले आहे, असे समजून चालावे.