लॅपटॉपची निवड आणि प्रोसेसरचे घराणे

लॅपटॉप घेताना पडद्याचा आकार आणि किंमत यांकडेच आधी लक्ष जाते. वस्तुतः मूलभूत भेद असतो तो प्रोसेसरच्या, म्हणजे सर्व आज्ञा अमलात आणणाऱ्या मुख्य चिपच्या, घराण्याचा. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ या चिपपासून चालत आलेले ‘एक्स८६’ हे एक घराणे, तर केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये आकाराला आलेले आणि पुढे मोबाइलमधून घरोघरी पोचलेले ‘आर्म’ हे दुसरे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ ही आर्म घराण्यातील चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये बसवली, तेव्हा कमी वीज आणि भरपूर वेग यांचा मेळ बसू शकतो, हे सर्वांना मान्य करावे लागले.

मात्र एका घराण्यासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या घराण्याच्या चिपला थेट समजत नाही. विंडोजच्या आर्म लॅपटॉपवर ‘एम्युलेशन’, म्हणजे आज्ञांचे तिथल्या तिथे रूपांतर करणारी सोय, बहुतेक प्रोग्राम निभावून नेते. परंतु ‘ड्रायव्हर’, म्हणजे प्रिंटर वा स्कॅनरशी संगणकाचा संवाद घडवणारा प्रोग्राम, तिच्या कक्षेत येत नाही, आणि तो आर्मसाठी स्वतंत्रपणे उपलब्ध नसेल, तर कार्यालयातील जुना, धडधाकट स्कॅनर निरुपयोगी ठरू शकतो. जाहिरातींत ही बाब सहसा ठळकपणे येत नाही. केवळ लेखन, ईमेल आणि प्रवास असणाऱ्यास आर्म निःशंकपणे सोयीचा. जुनी उपकरणे सांभाळणाऱ्याने मात्र पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आर्मसाठीचा ड्रायव्हर आहे की नाही, हे अवश्य तपासावे.